आकड्याला ‘का’ विचारणारी साधनं



संख्याशास्त्राच्या एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल बोलायला आपण मला बोलावलंत, याचा आनंद आहे. पुण्यात आज अशी घरं कमीच असतील, ज्यांच्या नात्यागोत्यातलं कुणीच हिंजवडीला, खराडीला किंवा मगरपट्ट्याला कामाला जात नाही. या लोकांचं काम रोज मोजलं जातं. किती तास लागले, किती दोष सापडले, किती दिवस उशीर झाला. महिनाअखेरीला त्या आकड्यांवरून कुणीतरी निष्कर्ष काढतं की ही टीम चांगली चालली आहे, ती घसरली आहे. तो निष्कर्ष नेमका कशाच्या आधारावर निघतो, हा माझा आजचा विषय आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोजणारी साधनं आपल्याकडे उदंड झाली आहेत. मोजलेल्याचा अर्थ लावायला जे ज्ञान लागतं, ते साठवणारी आणि आपला तर्क उघडपणे दाखवणारी साधनं मात्र फार थोडी आहेत, आणि खरी गरज त्यांची आहे.

विषयाचं मूळ कारखान्यात आहे. १६ मे १९२४ या दिवशी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक पानभराची टिपणी पाठवली. तिच्यात एक आकृती होती. मधे सरासरीची रेघ, वर आणि खाली एकेक मर्यादेची रेघ, आणि त्यांच्यामध्ये खालीवर होणारे बिंदू. आज आपण तिला नियंत्रण आलेख म्हणतो. शूहार्टांचं म्हणणं असं की कुठल्याही प्रक्रियेत चढउतार असतातच. काही चढउतार त्या व्यवस्थेच्या पोटातले, रोजचे; त्यांच्यामागे धावून उपयोग नाही. काही मात्र विशिष्ट कारणानं झालेले. ते कारण शोधलंच पाहिजे. दोन्हींची गल्लत केली की नुकसान होतं. रोजच्या चढउताराला अपघात समजून माणूस यंत्राची नाहक ढवळाढवळ करतो, आणि अपघाताला रोजचं समजून झोपून राहतो.

हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था तेव्हा नुकती कुठे पंधरा-सोळा वर्षांची होती. देश स्वतंत्र होत असतानाच आपल्या कारखान्यांमध्ये संख्याशास्त्र पोचावं, ही महालनोबीसांची तळमळ होती. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेची आपली कथा १९९० नंतर सुरू झाली असं आपण समजतो. तिची मुळं इतकी मागे जातात.

सॉफ्टवेअरमध्ये हा विचार आणण्याचं मोठं श्रेय वॉट्स हम्फ्री यांचं. आयबीएममध्ये सत्तावीस वर्षं काढून ते १९८६ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. ती संस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९८४ मध्ये उभी केली होती, कारण लष्करी सॉफ्टवेअर वेळेत आणि धड मिळत नव्हतं. हम्फ्रींच्या विचारातून पुढे सीएमएम ही संस्थेच्या प्रक्रियेची परिपक्वता जोखणारी पाच पायऱ्यांची चौकट तयार झाली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. चौथ्या पायरीवर संस्थेनं आपल्या प्रक्रियेची कामगिरी आकड्यांत ओळखायची. पाचव्या पायरीवर त्या ओळखीच्या बळावर ती सतत सुधारायची. ही चौकट भारतीयांनी ज्या हिरिरीनं उचलली, तशी फार थोड्या देशांनी उचलली. मोटोरोलाच्या बेंगळुरूमधल्या केंद्रानं १९९३ मध्येच पाचवी पायरी गाठली. त्या दशकाच्या शेवटाला भारतीय कंपन्यांची रांग लागली. परदेशी गिऱ्हाईक दहा हजार किलोमीटरवर बसून आपल्यावर विश्वास कसा ठेवणार, हा प्रश्न होता, आणि ही पायरी हे त्याचं उत्तर होतं. त्या काळात राबलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी नोंद ठेवायची शिस्त या उद्योगाला लावली.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे येऊ. समजा, एका टीमनं कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून तपासण्याच्या, नोंदी ठेवल्या आहेत. दर हजार ओळींमागे सापडलेले दोष असे आहेत : १२, ९, १४, ११, १०, १३. सरासरी साडेअकरा. लागोपाठच्या दोन आकड्यांमधले फरक काढले तर ३, ५, ३, १, ३; त्यांची सरासरी ३. तिला २.६६ या आलेखाच्या ठरलेल्या गुणकानं गुणायचं, म्हणजे जवळपास ८ येतात. सरासरीच्या वर आठ आणि खाली आठ, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेएकोणीस हा या टीमचा नेहमीचा पट्टा झाला. प्रत्यक्षात पट्टा आखायला याहून बऱ्याच जास्त नोंदी हव्यात. इथे हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून सहाच घेतल्या. सातव्या रिव्ह्यूत दोष सापडले ३. बिंदू पट्ट्याच्या खाली गेला. डॅशबोर्डवर खूण उमटली.

ही बातमी चांगली की वाईट?

कोड अतिशय नीट लिहिला गेला असेल. किंवा शुक्रवारी संध्याकाळी हजार ओळी तासाभरात चाळल्या गेल्या असतील. किंवा तो कोड जुन्या, तावूनसुलाखून निघालेल्या मॉड्यूलमधून उचललेला असेल. किंवा एखाद्या साधनानं आपोआप तयार केलेल्या ओळीही मोजणीत धरल्या असतील, त्यामुळे भागाकारातला छेद फुगला असेल. किंवा नेहमीची अनुभवी रिव्ह्यूअर रजेवर असेल. आकडा तोच, तीन. आलेखाचं काम इथे संपतं. विहिरीचं पाणी हातभर खाली गेलं हे दोरी सांगते. झरा बुजला की शेजारच्या शेतात बोअर मारली, हे त्या शिवारात वावरलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

कारखान्यात हे कोडं तुलनेनं सोपं असतं. एकाच मापाचे हजारो खिळे एकाच यंत्रातून पडतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन मॉड्यूल कधी सारखी नसतात, करणारी माणसं सारखी नसतात, आणि नोंदी हजारांत नसून विसा-पंचविसांत असतात. त्यातही मोजायच्या व्याख्या टीमगणिक बदलतात. एक टीम स्पेलिंगची चूकही दोष म्हणून मांडते, दुसरी मांडत नाही. म्हणून निव्वळ संख्याशास्त्र इथे लंगडं पडतं. त्याला आधार लागतो तो प्रक्रियेच्या जाणकारीचा, आणि ती जाणकारी आजवर बहुधा एखाद्या अनुभवी क्वालिटी मॅनेजरच्या डोक्यात राहिली. बिंदू घसरला की ती मॅनेजर आधी विचारायची, “रिव्ह्यूला वेळ किती दिला होता?” कारण तासाला दोनशे ओळींहून जास्त वेगानं वाचलं तर दोष निसटतात, हे हम्फ्रींच्या शिकवणीतलं सूत्र तिला तोंडपाठ असायचं. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. ती नोकरी सोडून गेली, की प्रश्नांची ती साखळीही तिच्याबरोबर जाते. सर्व्हरवर आकडे राहतात आणि ते वाचणारं कुणी राहत नाही.

ही साखळी यंत्रात उतरवता येईल का, हा ज्ञानाधारित साधनांमागचा मूळ प्रश्न. त्याची वाट वैद्यकातून आली. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायसिन’ नावाची प्रणाली केली. रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करून औषध सुचवायचं, हे तिचं काम. तिच्यात तज्ज्ञांचं ज्ञान ‘अमुक असेल तर तमुक असण्याची इतकी शक्यता’ अशा काही शे नियमांच्या रूपात मांडलं होतं. रोजच्या रुग्णसेवेत ती कधी वापरली गेली नाही. तिची एक गोष्ट मात्र मला आजही फार मोलाची वाटते. प्रणालीनं एखादी माहिती मागितली, की डॉक्टर तिला उलट विचारू शकत असे, ही माहिती तुला का हवी आहे? आणि ती आपला नियम समोर ठेवत असे. निष्कर्षाशी असहमत व्हायचं तर नेमकं कुठे, हे त्यामुळे डॉक्टरला कळायचं.

भारतातही या वाटेवर लवकर पावलं पडली. १९८० च्या दशकात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) या दोन संस्था त्यात होत्या, शिवाय बेंगळुरू, मद्रास आणि कलकत्त्याच्या संस्था. आपल्या तज्ज्ञांची जाणकारी यंत्रात उतरवायची कशी, यावर मुंबईत तेव्हा गंभीर काम चालू होतं. पुण्यात टाटांचं संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र १९८१ पासून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करत आलं. हे दोन प्रवाह आपल्याच राज्यात, दोन शेजारच्या शहरांत होते. ते अधिक जवळ यायला हवे होते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सॉफ्टवेअरच्या प्रक्रियेबद्दलची जाणकारी साधनात कशी उतरते, याचं मला सगळ्यात सुंदर वाटणारं उदाहरण आयबीएममधलं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले राम चिल्लारेगे आणि त्यांचे सहकारी यांनी दोषांच्या वर्गीकरणाची एक पद्धत १९९२ मध्ये मांडली. तोवर दोष मोजले जायचे किंवा त्यांची गंभीरता लिहिली जायची. चिल्लारेगे म्हणाले, दोष दुरुस्त करणाऱ्याला एवढंच विचारा की तू दुरुस्त काय केलंस. एखादी किंमत चुकीची दिली होती? एखादी तपासणी राहिली होती? दोन भागांमधला सांधा चुकला होता? की अख्खी सुविधाच रचनेत अपुरी होती? मोजके प्रकार, एकमेकांत न मिसळणारे, आणि दुरुस्ती केल्याकेल्या सांगता येतील असे. कुणाचं चुकलं, हा प्रश्नच त्यात नाही.

आता या साध्या नोंदीत काय दडलं आहे ते पाहा. अख्खी सुविधाच अपुरी असल्याचे दोष रचनेच्या टप्प्यावरच सापडायला हवेत. चाचणी पुढे सरकेल तसं त्यांचं प्रमाण घटत गेलं पाहिजे. ते घटण्याऐवजी शेवटच्या चाचणीत वाढताना दिसलं, तर एकूण दोष कितीही कमी असोत, रचनेचा रिव्ह्यू नीट झालेला नाही असं अनुमान निघतं. उलट, किमती आणि तपासण्यांचे दोष उशिरा वर आले, तर बोट कोडच्या वाचनाकडे वळतं. दोषांच्या प्रकारांची वाटणी ही प्रक्रियेची सही होते. प्रत्येक टप्प्याची अपेक्षित सही साधनात आधीच घातलेली असली, तर साधन प्रत्यक्षातली सही तिच्याशी ताडून पाहतं आणि सांगतं की गाडी रचनेपाशी अडली आहे, परत तिकडे जा. आकडा, त्याचा अर्थ आणि पुढचं पाऊल हे तिन्ही एकाच धाग्यात येतात. प्रोजेक्ट संपल्यावर महिन्याभरानं शवविच्छेदन करण्यापेक्षा हे किती वेगळं आहे, हे प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या रात्री ज्यांनी काढल्या आहेत त्यांना सांगायला नको.

साधनात घातलेल्या अशा नियमांची एक मर्यादा आहे. ते बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच म्हणतात, आणि आपलं ज्ञान बहुधा ‘बरंचसं’ किंवा ‘क्वचित’ अशा भाषेत असतं. लंडनमध्ये नॉर्मन फेंटन आणि मार्टिन नील यांनी त्यावर उपाय म्हणून बेजच्या सिद्धांताची वाट धरली. अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. नवा पुरावा आला की आपला अंदाज किती बदलावा, याचं गणित त्यातून निघालं. फेंटन आणि नील यांनी १९९९ मध्ये त्या काळातल्या दोष-भाकितांच्या पद्धतींवर कठोर टीका केली. ओळींची संख्या आणि गुंतागुंत यांवरून दोष सांगणारी सूत्रं कारणांकडे बघतच नाहीत, हा त्यांचा मुद्दा. चाचणीत कमी दोष सापडले, याचा अर्थ दोष कमी होते असा होतो, तसा चाचणीच कमी झाली असाही होतो.

हे लहान हिशेबानं पाहू. समजा, जुनी शंभर मॉड्यूल आहेत. साठांची चाचणी कसून झाली, चाळीसांची घाईत. कसून तपासलेल्या साठांपैकी बारांत कमी दोष सापडले. घाईतल्या चाळीसांपैकी अठ्ठावीसांत कमी सापडले. आता नव्या मॉड्यूलमध्ये कमी दोष सापडले, एवढंच तुम्हाला कळलं आहे. कमी दोषांची मॉड्यूल एकूण चाळीस, त्यांतली अठ्ठावीस घाईतली. म्हणजे चाचणी घाईत झाली असण्याची शक्यता सत्तर टक्के. ज्या आकड्यावर शाबासकी मिळणार होती, तोच आकडा आता शंका दाखवतो आहे. चाचणीला भरपूर तास दिल्याची नोंद मिळाली, की हीच शक्यता झपाट्यानं खाली येते. अशा अनेक शक्यता बाणांनी जोडून जाळं विणलं, की तज्ज्ञाचा अंदाज आणि हाती असलेला तुटपुंजा विदा दोन्ही एकत्र वापरता येतात. वीस नोंदी असलेल्या टीमला याचा फार आधार आहे.

फेंटन यांनीच निक्लस ओल्सन यांच्याबरोबर एरिक्सन कंपनीच्या दूरसंचार सॉफ्टवेअरचा अभ्यास केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ज्या मॉड्यूलमध्ये सर्वाधिक दोष सापडले होते, त्यांच्यात नंतर जवळजवळ दोष निघालेच नाहीत. आधीच्या दोषांच्या यादीवरून ‘वाईट’ मॉड्यूल ठरवणाऱ्या, आणि त्यावरून ते लिहिणाऱ्याची किंमत करणाऱ्या प्रत्येकानं हा निष्कर्ष समोर ठेवावा.

अंदाजपत्रकांबाबतही असंच काम झालं आहे. ते थोडक्यात सांगतो. बॅरी बोह्म यांनी १९८१ मध्ये ६३ प्रकल्पांच्या नोंदींवरून ‘कोकोमो’ हे खर्चाचं प्रारूप दिलं. पुढे रे मॅडकी यांनी त्याला नियमांची जोड दिली. मुदत आवळलेली आणि त्याच वेळी टीम त्या विषयात नवखी, अशा जोड्या दिसल्या की साधन धोक्याची पातळी दाखवतं. एरवी आकड्यांच्या तक्त्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत गप्प बसलेल्या असतात.

आता अडचणीकडे येतो. ज्ञान एकदा भरून ठेवलं की काम संपत नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत संगणकांची जुळणी ठरवणारी ‘एक्सकॉन’ ही प्रणाली काही शे नियमांनी सुरू होऊन हजारांवर गेली. यंत्रं बदलत राहिली तसे नियमही बदलत राहावे लागले, आणि त्यासाठी माणसं कायम राबत राहिली. सॉफ्टवेअरची प्रक्रिया तर त्याहून वेगानं बदलते. मेरीलंडमध्ये व्हिक्टर बॅसिली यांनी हे फार आधी ओळखलं. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९७६ मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीमधून त्यांनी ‘अनुभवाचा कारखाना’ ही कल्पना मांडली. सॉफ्टवेअर बनवणारी टीम आणि त्या अनुभवाचं ज्ञानात रूपांतर करणारी टीम वेगळी हवी. बनवणाऱ्यांच्या मानेवर मुदत असते. शिकलेलं लिहून, पारखून, पुढच्याला वापरता येईल असं करायला त्यांना उसंत नसते. आपल्याकडे हे काम प्रोजेक्टच्या शेवटी एका फॉर्मवर ढकललं जातं. ‘लेसन्स लर्न्ड’च्या फायली कुणी उघडत नाही, कारण त्यांत प्रश्न नसतो, संदर्भ नसतो. दहा वर्षं सातत्यानं पदरमोड करून हे काम चालवायला संस्थेकडे धीर लागतो, आणि पायरीचं प्रमाणपत्र मिळाल्यावर तो धीर बहुधा आटतो.

दुसरी अडचण माणसांच्या मनातली आहे. ज्या दिवशी दोषांच्या आकड्यावर वार्षिक वाढ ठरते, त्या दिवसापासून तो आकडा खोटा व्हायला लागतो. दोष नोंदले जात नाहीत, तोंडी मिटवले जातात. टाइमशीटमध्ये रोज बरोबर आठ तास भरले जातात. अशा नोंदींवर कितीही हुशार साधन बसवा, ते खोट्याचंच विश्लेषण करणार. शूहार्टांचाच विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग आयुष्यभर सांगत राहिले की बहुतेक चढउतार व्यवस्थेचे असतात आणि त्यांची शिक्षा माणसाला देऊ नये. हम्फ्रींनी १९९५ मध्ये एकेकट्या प्रोग्रॅमरसाठी शिस्तीची पद्धत मांडली, तेव्हा त्यांचा आग्रह होता की प्रत्येकाच्या स्वतःच्या नोंदी त्याच्याच मालकीच्या राहाव्यात. वरिष्ठांना टीमचा एकत्रित आकडा दिसावा. हा आग्रह मला या सगळ्या तंत्राचा पाया वाटतो, आणि साधन विकत घेताना नेमका तोच पहिल्यांदा सोडला जातो.

म्हणून ज्ञानाधारित साधनाकडून माझ्या अपेक्षा ठरलेल्या आहेत. त्यानं काढलेला प्रत्येक निष्कर्ष ज्या नियमावरून किंवा ज्या शक्यतेवरून निघाला, ते त्याच पडद्यावर दिसलं पाहिजे. काम करणाऱ्याला ‘हे कारण नव्हे’ असं म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचं ते उत्तर त्याच्या कारणासकट साधनात जमा झालं पाहिजे. पुढच्या वेळी तसाच बिंदू घसरला, की आधीचा प्रसंग आणि तेव्हाचा वाद दोन्ही समोर यावेत. पुण्यातल्या एखाद्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे पिट्सबर्गच्या पुस्तकापेक्षा त्या टीमला जास्त शिकवून जातं.

गेल्या काही वर्षांत कोड लिहायला यंत्राची मदत सर्रास घेतली जाऊ लागली आहे, आणि यामुळे हा प्रश्न तातडीचा झाला आहे. दिवसाला इतक्या ओळी, हजार ओळींमागे इतके दोष, ही सगळी जुनी पट्ट्यांची आखणी माणसानं लिहिलेल्या कोडवर बेतलेली होती. यंत्रानं लिहिलेल्या ओळी भराभर येतात, नेटक्या दिसतात, आणि त्यांच्यातले दोष वेगळ्या जातीचे असू शकतात. जुने पट्टे त्यांना लावणं चूक आहे, आणि नवे पट्टे आखायला लागणाऱ्या नोंदी बहुतेक ठिकाणी अजून ठेवल्या जात नाहीत. कोणता भाग यंत्रानं लिहिला, तो कुणी किती वेळ वाचला, सापडलेला दोष कोणत्या जातीचा होता आणि तो दुरुस्त करताना नेमकं काय बदललं, एवढं टिपून ठेवायला महागडं साधन लागत नाही. चिल्लारेगेंच्या वर्गीकरणासाठी एका साध्या तक्त्याएवढी जागा पुरते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना या वर्षापासून हा तक्ता भरायला लावावा, अशी माझी इथे बसलेल्या प्राध्यापकांना विनंती आहे. पाच-सहा महाविद्यालयांनी एकाच व्याख्या वापरून दोन वर्षं नोंदी ठेवल्या, तर यंत्राच्या मदतीनं लिहिलेल्या कोडची पहिली खरी सही पुण्यातून निघू शकेल. व्याख्या ठरवायला बसायचं असेल तर मी यायला तयार आहे.